ऑनलाइन पटखेळाची सुरुवातीची मांडणी न्याय्य कशी करावी: नव्याने खेळ बनवणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

दोघांना सारख्याच सोंगट्या दिल्या आणि पट दोन्ही बाजूंनी हुबेहूब मांडला की खेळ न्याय्य झाला, असं नव्याने खेळ बनवणाऱ्या जवळपास प्रत्येकाला वाटतं. पण पट कितीही सारखा मांडा, पहिली चाल कुणीतरी एकच जण खेळणार. बुद्धिबळात मोहरे दोन्हीकडे अगदी तेच असतात, तरी तयारीच्या खेळाडूंचे डाव मोजले की पांढऱ्याच्या वाट्याला साधारण ५४ ते ५५ टक्के गुण जातात. कनेक्ट फोर या रकान्यांत सोंगट्या टाकून चार ओळीत आणायच्या खेळाचा पट तर सुरुवातीला कोराच असतो. त्यात पहिला खेळाडू अचूक खेळला तर हमखास जिंकतो, हे १९८८ मध्ये जेम्स ॲलन आणि व्हिक्टर ॲलिस या दोघांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे दाखवून दिलं.

हा लेख फासे नसलेल्या, पानं लपवलेली नसलेल्या, दोघांनी खेळायच्या पटखेळांबद्दल आहे. असा एखादा खेळ तुम्ही ऑनलाइन आणत असाल, तर सुरुवातीच्या मांडणीवर जेवढी मेहनत घ्याल तेवढी कमीच आहे. नियमांतली उणीव खेळाडू समजून घेतात. पण 'मला दुसरी बाजू मिळाली म्हणून मी हरलो' हे एकदा मनात बसलं की माणूस परत येत नाही. मांडणी न्याय्य आहे की नाही हे तिच्याकडे बघून ठरवू नका. ते मोजा, आणि मोजूनही जो कल, म्हणजे एका बाजूचा फायदा, उरेल तो वाटून घ्यायची सोय खेळातच करा. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

पायरी १: कोणता न्याय हवा ते आधी ठरवा

'न्याय्य' म्हणताना लोकांच्या मनात तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात. पहिली, दोघेही अचूक खेळले तर डाव बरोबरीत सुटावा. दुसरी, सारख्या ताकदीच्या दोन माणसांत दोन्ही बाजू साधारण सारख्याच वेळा जिंकाव्यात. तिसरी, एखादा डाव एका बाजूला झुकलेला असला तरी चालेल, पण दोघांना दोन्ही बाजू मिळून पूर्ण सामना समतोल व्हावा.

तुमच्या खेळात बरोबरी होतच नसेल तर पहिल्या प्रकाराचा नाद सोडून द्या. दैव नाही, लपवाछपवी नाही आणि बरोबरीही नाही, अशा खेळात कोणतीही मांडणी घ्या, अचूक खेळात ती कुणातरी एकाची जीतच असते. हेक्स हे याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण. हा खेळ पीट हाइन यांनी १९४२ मध्ये मांडला आणि काही वर्षांनी जॉन नॅश यांनाही तो स्वतंत्रपणे सुचला. षटकोनी घरांच्या पटावर एकाने वरची कड खालच्या कडेला जोडायची आणि दुसऱ्याने डावी कड उजवीला. दोघांपैकी एकाची वाट जुळतेच, त्यामुळे बरोबरी अशक्य. नॅश यांचा युक्तिवाद असा: समजा दुसऱ्या खेळाडूकडे हमखास जिंकायची रीत आहे. मग पहिल्याने कुठेही एक सोंगटी ठेवावी आणि त्यानंतर आपणच 'दुसरे' आहोत असं समजून तीच रीत वापरावी. पटावर एक सोंगटी जादा असल्याने हेक्समध्ये कधीच तोटा होत नाही. म्हणजे दोघेही जिंकणार, आणि ते तर शक्य नाही. म्हणून जिंकणारी रीत पहिल्याकडेच असली पाहिजे.

ती रीत नेमकी कोणती हे मात्र हा युक्तिवाद सांगत नाही. म्हणूनच हेक्स अजूनही चुरशीने खेळला जातो. तुम्हीही दुसरा आणि तिसरा न्याय गाठायचा प्रयत्न करा. माणसांच्या हाती खेळ कसा वागतो, तेवढंच बघायचं आहे.

पायरी २: काहीही बदलण्याआधी मूळ कल मोजा

नियम पक्के झाले की एक साधा बॉट, म्हणजे आपला आपण खेळणारा प्रोग्रॅम, लिहा. चार-पाच चाली पुढचं बघणारा असला तरी पुरे. त्याला स्वतःशीच खेळवा आणि पहिली बाजू किती टक्के गुण घेते ते लिहून ठेवा. बरोबरीला अर्धा गुण धरा. बॉट दर वेळी एकच चाल निवडणारा असेल तर तोच डाव पुन्हा पुन्हा खेळला जाईल, म्हणून सुरुवातीच्या दोन-तीन चालींत थोडी यादृच्छिकता घाला.

नवखे लोक इथेच फसतात, कारण ते फार थोड्या डावांवर विश्वास ठेवतात. बाजू खरोखर समसमान असली तरी १०० डावांत निकाल ४० ते ६० टक्क्यांमध्ये कुठेही पडू शकतो. १,००० डाव खेळवले तर हा पट्टा साधारण ४७ ते ५३ इतका आवळतो आणि १०,००० डावांत ४९ ते ५१ वर येतो. तेव्हा १०० डावांत ५५ टक्के आले म्हणून मांडणी बदलायला धावू नका. उलट १०,००० डावांत ५५ आले तर तो कल खराच आहे.

आता ५५ टक्के म्हणजे किती मोठा कल? एलो गुणांकनाच्या (खेळाडूंची ताकद आकड्यांत मोजायच्या पद्धतीच्या) भाषेत तो सुमारे ३५ गुणांच्या फरकाएवढा आहे, आणि ६० टक्के म्हणजे सुमारे ७०. तुमच्याकडे एकमेकांसमोर येणाऱ्या खेळाडूंत शंभरेक गुणांचा फरक सहज असेल, तर ५२ टक्क्यांचा कल कुणाला जाणवणारही नाही. ५५ च्या आत असलेला साधा खेळ मी तसाच ठेवीन आणि फक्त बाजू आलटूनपालटून देईन. ६० च्या पुढे गेला तर मात्र उपाय हवाच.

बॉटची ताकद वाढवून हीच मोजणी पुन्हा करा. दुबळ्या खेळात पहिल्या चालीचा फायदा चुकांच्या गर्दीत हरवून जातो आणि खेळ सुधारला की वर येतो. गो खेळात हे अनेक दशकांत दिसून आलं. काळा पहिली चाल खेळतो म्हणून पांढऱ्याला 'कोमी' नावाचे भरपाईचे गुण देतात. जपानमध्ये बरीच वर्षं कोमी ५.५ होती, पुढे २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ती ६.५ झाली. चीनच्या नियमांत ती ७.५ आहे. पट तोच, दगड तेच. खेळणाऱ्यांची तयारी आणि मोजणी पुढे गेली, तसा भरपाईचा आकडा वाढवावा लागला. तुमचाही आज ठरवलेला आकडा कायमचा नसेल.

पायरी ३: उपाय निवडा

खेळात गुण मोजले जात असतील तर कोमी हाच सर्वांत सोपा मार्ग. आकडा अर्ध्या गुणाचा ठेवा, म्हणजे बरोबरीचा प्रश्नच मिटतो. गुण नसतील तर पहिल्या चालीचं वजन कमी करता येतं का ते बघा. सहा दगड ओळीत आणायच्या कनेक्ट सिक्समध्ये प्रत्येक जण एका पाळीला दोन दगड ठेवतो, पण अगदी पहिल्या पाळीला फक्त एकच. त्यामुळे प्रत्येक पाळीनंतर खेळणारा समोरच्यापेक्षा एका दगडाने पुढे असतो, आणि आघाडी सतत हात बदलत राहते. एका पाळीला दोन चाली बसत असतील तर ही युक्ती जरूर वापरून बघा. तिला वेगळी मांडणी लागत नाही आणि खेळाडूला काही समजावूनही सांगावं लागत नाही.

तिसरा मार्ग अदलाबदलीचा, म्हणजे स्वॅपचा. पहिल्याने पहिली चाल खेळायची. मग दुसऱ्याने ठरवायचं: आहे तशी दुसरी बाजू घ्यायची, की ती चाल स्वतःची म्हणून पदरात पाडून घ्यायची. एकाने वाटे करायचे आणि दुसऱ्याने उचलायचे, तसाच हा व्यवहार. पहिली चाल फार जोरदार खेळली तर ती हातची जाणार, म्हणून पहिला खेळाडू आपणहून समतोल चाल शोधतो.

कनेक्ट फोरवर हे नीट दिसतं. सात रकाने आहेत. पहिली सोंगटी मधल्या चौथ्या रकान्यात टाकली तर पहिल्याची जीत. तिसऱ्या किंवा पाचव्यात टाकली तर अचूक खेळात बरोबरी. पहिल्या, दुसऱ्या, सहाव्या किंवा सातव्या रकान्यात टाकली तर दुसऱ्याची जीत. आता यात स्वॅप घाला. चौथा रकाना निवडला तर समोरचा बाजू बदलून घेईल. कडेचा निवडला तर तो बदलणार नाही आणि जिंकेल. उरले तिसरा आणि पाचवा, म्हणजे बरोबरी. पटाला हात न लावता, एका नियमाने हमखास जिंकण्याचा खेळ समतोल झाला.

स्वॅप चालण्यासाठी एक अट आहे: पहिल्या चालींची ताकद कमीजास्त हवी. सगळ्याच पहिल्या चाली जोरदार असतील तर समोरचा दर वेळी अदलाबदल करेल आणि फायदा फक्त एका खिशातून दुसऱ्या खिशात जाईल. हेक्समध्ये मधली घरं फार बळकट आणि कोपऱ्याजवळची बरीच दुबळी, म्हणून तिथे स्वॅप छान बसतो. तुमच्या खेळात प्रत्येक पहिली चाल बॉटकडून वेगवेगळी खेळवून घ्या आणि पन्नास टक्क्यांच्या दोन्ही बाजूंना चाली आहेत ना ते तपासा.

पाच दगड ओळीत आणायच्या गोमोकूसारख्या खेळात एका दगडाची अदलाबदल पुरत नाही. तिथे 'स्वॅप टू' वापरतात: पहिला खेळाडू दोन काळे आणि एक पांढरा असे तीन दगड ठेवतो. दुसऱ्यापुढे तीन पर्याय असतात. काळे घ्या, पांढरे घ्या, किंवा आणखी एक काळा आणि एक पांढरा ठेवून रंग निवडायचा हक्क पहिल्याकडे परत द्या. तरबेज खेळाडूंना हे फार आवडतं. नवख्याला मात्र, अजून खेळ कळलेला नसताना, 'समतोल मांडणी कर' असं सांगणं जड जातं. म्हणून माझा आग्रह असा की अदलाबदल गुणांकनाच्या डावांत ठेवा, पण शिकण्याच्या डावांत नको.

अदलाबदल पडद्यावर कशी दाखवता यालाही महत्त्व आहे. हेक्समध्ये दोन रीती आहेत. एकीत सोंगटी आणि पट जसाच्या तसा राहतो, खेळाडू रंग बदलतात. दुसरीत रंग तेच राहतात, पण 'ए ३' वरची सोंगटी कर्णावर उलटून 'सी १' वर जाते आणि दुसऱ्याच्या रंगाची होते. गणिताने दोन्ही एकच. पण आपल्या डोळ्यांदेखत सोंगटी उडी मारून दुसरीकडे गेली की नवखा माणूस गोंधळतो, त्याला प्रोग्रॅममध्येच चूक आहे असं वाटतं. मी पहिलीच रीत घेईन: पटाला धक्का लावू नका, फक्त खेळाडूंची नावं ठळकपणे जागा बदलताना दाखवा आणि 'आता तुमची चाल, तुमचा रंग निळा' असं स्पष्ट लिहा.

पायरी ४: अनेक मांडण्यांचा साठा तयार करा

एकच मांडणी ठेवली की काही काळाने लोक सुरुवातीच्या चाली पाठ करतात. मग पाठांतराला फळ मिळतं आणि विचार मागे पडतो. यावर बुद्धिबळाचे माजी जगज्जेते बॉबी फिशर यांनी १९ जून १९९६ रोजी ब्युनोस आयर्समध्ये आपला उपाय जाहीर केला. तोच आज 'चेस ९६०' म्हणून ऑनलाइनही सर्रास खेळला जातो. मागच्या ओळीतले मोहरे सोडतीने लावायचे, पण तीन अटींवर: दोन उंट वेगवेगळ्या रंगांच्या घरांत, राजा दोन हत्तींच्या मध्ये, आणि काळ्याची मांडणी पांढऱ्याच्या समोरासमोर तीच.

मोजणी करून बघा, कारण तुमच्या खेळासाठीही हेच करायचं आहे. पांढऱ्या घरातल्या उंटाला ४ जागा, काळ्या घरातल्याला ४. उरलेल्या ६ घरांत वजिराला ६ जागा. मग ५ घरांत दोन घोडे बसवायच्या १० रीती. उरलेल्या तीन घरांत हत्ती, राजा, हत्ती ही एकच रीत. ४ × ४ × ६ × १० = ९६०.

यातली शिकण्यासारखी गोष्ट ही की सोडत मोकळी सोडलेली नाही. खेळाचा कणा टिकवणाऱ्या अटी आधी लिहिल्या आणि त्यांच्या आत सोडत ठेवली. तुमच्या खेळातही आधी कागदावर लिहा की कशाशिवाय हा खेळ हा खेळ राहणार नाही. त्यातून अटी आपोआप निघतात.

सममितीबद्दल दोन गोष्टी. एक: मांडणी आरशातल्यासारखी समोरासमोर ठेवायची की पट अर्धा फिरवल्यासारखी, हे विचार करून ठरवा. बुद्धिबळात राजासमोर राजा येतो; शोगीत, म्हणजे जपानी बुद्धिबळात, फिरवलेली मांडणी असते, प्रत्येकाचा हत्तीसारखा चालणारा मोहरा त्याच्या स्वतःच्या उजवीकडे. फिरवलेल्या मांडणीत दुसरा खेळाडू समोरच्याची प्रत्येक चाल उलट बाजूला नक्कल करत राहू शकतो. गोमध्ये पटाच्या मधोमध एक छेद असतो, तिथे दगड ठेवून ही नक्कल मोडता येते. तुमच्या पटाला मधलं घर नसेल, तर नक्कल करून कुणी जिंकतं का हे बॉटला मुद्दाम नक्कल करायला लावून बघा.

दुसरी गोष्ट: डावं-उजवं उलटलं की जी मांडणी दुसरीसारखी होते ती एकच समजायची का? ९६० पैकी प्रत्येक मांडणीची आरशातली जोडी आहे, म्हणजे ४८० जोड्या. पण कॅसलिंगनंतर (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवल्यावर) राजा ठरलेल्याच रकान्यांत जातो, आणि ते रकाने दोन्ही कडांपासून सारख्या अंतरावर नाहीत. त्यामुळे जोडीतल्या मांडण्या तंतोतंत सारख्या नाहीत. तुमच्या नियमांत असं डाव्या-उजव्यात फरक करणारं काही नसेल तर जोडीतली एकच ठेवा. चाचणीचं काम निम्मं होतं.

मग ढोबळ गाळणी लावा. पहिल्याच चालीत समोरची सोंगटी मारता येते का? पहिल्याच चालीत दोन ठिकाणी धोका उभा करता येतो का? एखादी सोंगटी सुरुवातीला कुणाच्याच आधाराशिवाय उघडी आहे का? चेस ९६० मधल्या काही मांडण्यांत सुरुवातीलाच एखादं प्यादं आधाराविना असतं. तिथे पांढऱ्याला ताबडतोब धाक दाखवता येतो आणि काळ्याला पहिल्या चालीपासून सावरत बसावं लागतं. असल्या मांडण्या काढून टाका, किंवा निदान वेगळ्या बाजूला ठेवा.

पायरी ५: जोडीने चाचणी

साठ्यातली प्रत्येक मांडणी त्याच दोन खेळाडूंमध्ये दोनदा खेळवा, बाजू बदलून. चेकर्सच्या स्पर्धांत हे फार पूर्वीपासून करतात: पहिल्या तीन चाली चिठ्ठीने ठरतात आणि तीच सुरुवात दोघे दोन्ही बाजूंनी खेळतात. संगणकांच्या बुद्धिबळ स्पर्धांतही मुद्दाम झुकलेल्या सुरुवाती निवडतात आणि जोडीने खेळवतात, नाहीतर बहुतेक डाव बरोबरीत सुटतील.

जोडीचा निकाल वाचायला सोपा असतो. दोन्ही डाव एकाच खेळाडूने जिंकले तर तो वरचढ आहे, मांडणीबद्दल फारसं काही कळलं नाही. दोन्ही डाव एकाच बाजूने जिंकले, म्हणजे आधी एका खेळाडूने आणि मग दुसऱ्याने त्याच बाजूने जिंकले, तर बोट मांडणीकडे जातं. प्रत्येक मांडणीसाठी फक्त ही दुसऱ्या प्रकारची जोडी किती वेळा आली ते मोजा. खेळाडूंच्या ताकदीतला फरक त्यातून बराचसा गळून पडतो.

साठा मोठा असेल तर एका सापळ्यापासून जपा. समजा ९६० मांडण्या प्रत्येकी १०० डाव खेळून तपासल्या आणि ४० ते ६० च्या बाहेर गेलेल्या सगळ्या फेकून दिल्या. सगळ्या मांडण्या अगदी समतोल असत्या तरी साधारण साडेतीन टक्के, म्हणजे सुमारे ३४, नुसत्या योगायोगाने बाहेर पडल्या असत्या. म्हणून पहिल्या फेरीत संशयित ठरलेल्या मांडण्या दुसऱ्या फेरीत नव्या डावांवर तपासा आणि निर्णय फक्त दुसऱ्या फेरीच्या आकड्यांवर घ्या.

पायरी ६: ऑनलाइन आणताना

मांडणीची सोडत सर्व्हरवर काढा, खेळाडूच्या ब्राउझरमध्ये कधीही नाही. सोंगट्या पिसण्यासाठी फिशर-येट्स पद्धत वापरा. यादृच्छिक तुलना करून यादी 'सॉर्ट' करण्याची सोपी वाटणारी युक्ती काही क्रम जास्त वेळा देते. प्रत्येक मांडणीला क्रमांक द्या आणि तो डावाच्या नोंदीत कायम साठवा. पुढे कुणी तक्रार केली तर तेवढ्या क्रमांकावरून सगळं तपासता येतं.

बाजू देताना नुसती नाणेफेक करू नका. नाणेफेकीत एखाद्याला सलग पाच वेळा दुसरी बाजू येणारच, आणि त्याला ते अन्यायच वाटणार. ज्याला अलीकडे पहिली बाजू कमी मिळाली त्याला ती आधी द्या.

अनोळखी मांडणी समोर आली की पहिली चाल खेळणाऱ्याचं घड्याळ लगेच सुरू होतं आणि दुसरा त्याच्या वेळेत फुकट विचार करतो. जलद डावांत हे फार बोचतं. घड्याळ सुरू होण्याआधी दोघांना पट बघायला थोडा वेळ द्या. अर्धं मिनिटही पुष्कळ फरक करतं.

आणि डाव सोडून जाणाऱ्यांची नोंद ठेवा. वाईट बाजू आली की काही जण पहिल्या चालीआधीच बाहेर पडतात. हे डाव मोजणीतून वगळले तर तीच वाईट मांडणी कागदावर निर्दोष दिसते, कारण तिचे सर्वांत जाणते खेळाडू ती खेळतच नाहीत. मांडणी आणि बाजू यांनुसार सोडून जाण्याचं प्रमाण वेगळं काढा. माझ्या मते निकालाच्या टक्केवारीपेक्षाही हा आकडा लवकर बोलतो.

पायरी ७: साठ्याची देखभाल

माणसांचे डाव जमा झाले की बॉटचे आकडे बाजूला ठेवा. गुणांकनात शंभराच्या आत फरक असलेल्या खेळाडूंचेच डाव घ्या, आणि नवखे व तरबेज असे दोन गट वेगळे मोजा. एकच मांडणी नवख्यांसाठी समतोल आणि तरबेजांसाठी एकतर्फी असू शकते. तशी निघाली तर ती पूर्ण काढून न टाकता फक्त वरच्या गटातून काढा.

यादी बदलाल तेव्हा तिला आवृत्ती क्रमांक द्या आणि बदल गुणांकनाच्या हंगामाच्या मध्यात करू नका. काढलेल्या मांडणीचे जुने डाव पुसू नका. ते बघता आले पाहिजेत, आणि मांडणी का काढली याची एक ओळ तिथेच लिहा, आकड्यांसकट.